मदत हवी आहे: स्क्रीनवर ट्रॅफिक दिसत नाही, स्वतःचा रिसीव्हर मागवू का? (अर्जंट)

नाशिक_सोलो
नमस्कार मंडळी, मित्र अमेरिकेहून परवा निघतोय, त्याला एडीएस-बी रिसीव्हर (आसपासची विमानं स्वतःची जागा रेडिओवर सांगतात ते ऐकून स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) आणायला सांगायचं की नाही ते आज रात्रीच ठरवायचंय. मी नाशिकचाच, बाहेर एका फ्लाइंग क्लबमध्ये सीपीएलचे (व्यावसायिक पायलट परवान्याचे) तास भरतोय, सध्या सुट्टीला घरी आलोय. गेल्या आठवड्यात सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या चकरेत) डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने, होतो आणि उजवीकडून थोडं खालून एक विमान गेलं. मला दिसलंच नाही, सरांनी 'आय हॅव कंट्रोल' म्हणून वळवलं तेव्हा त्याचे पंख दिसले, लाल पट्टासुद्धा दिसला, इतकं जवळ. स्क्रीनवर काहीच नव्हतं. सर म्हणतात डोळे बाहेर ठेव, पण डोळे बाहेरच होते हो. बजेट चाळीस-पन्नास हजार. कुठला घेऊ?

टॅक्सीवे_बी
विमान कुठलं, स्क्रीन कुठली, काहीच लिहिलं नाहीस भाऊ.

नाशिक_सोलो
सेसना १७२, कॉकपिटमध्ये गार्मिनची जी१००० स्क्रीन. ट्रान्सपाँडर (विमानाची माहिती रेडिओवर पाठवणारं यंत्र) मोड एस आहे. ट्रॅफिकचं पेज उघडतं पण रिकामं असतं.

टॅक्सीवे_बी
एडीएस-बी आउट आहे की इन पण आहे? सगळा घोळ तिथेच आहे. आउट म्हणजे तू कुठे आहेस ते तुझं विमान दुसऱ्यांना सांगतं, दुसरे कुठे आहेत ते ऐकायला इन लागतं. गार्मिनचा ३३५ असेल तर फक्त आउट, ३४५ असेल तर दोन्ही. मॉडेल नंबर बघून सांग.

गोदाकाठ
तो मित्राकडून आणतोय तर आधी हे बघा की ते कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतं. अमेरिकेत १८,००० फुटांखाली ९७८ मेगाहर्ट्झ पण चालते आणि १०९० पण, शिवाय तिथली ग्राउंड स्टेशनं रडारवर दिसलेलं ट्रॅफिक परत वर पाठवतात म्हणून तिथल्या व्हिडिओत स्क्रीन भरलेली दिसते. ९७८ ही अमेरिकेपुरतीच. इथे तुला १०९० वाला लागेल आणि तोही समोरचा स्वतः सांगत असेल तेवढंच दाखवेल. समोरच्याचा ट्रान्सपाँडर बंद असेल तर लाखाचा घे, स्क्रीन रिकामीच.

जुना_इन्स्ट्रक्टर
बाळा, तुझे डोळे बाहेर होते यावर माझा विश्वास आहे. पण बाहेर असणं आणि बघणं यात फरक आहे. नजर क्षितिजावरून नुसती सरकवत नेली तर डोळ्याला काही सापडत नाही. साधारण दहा अंशांचा एक तुकडा घ्यायचा, तिथे निदान एक सेकंद नजर ठरू द्यायची, मग पुढचा तुकडा. आणि हे लक्षात ठेव, जे विमान तुला येऊन धडकणार आहे ते काचेवर हलत नाही. हलणारं निघून जातं. धडकणारं एकाच जागी मेलेल्या माशीच्या डागासारखं चिकटून राहतं आणि अगदी शेवटी एकदम फुगतं. म्हणून मी माझ्या पोरांना उड्डाणाआधी काच स्वतःच्या हाताने पुसायला लावायचो. डाग राहिला की घात. शिवाय काचेच्या खांबामागे अख्खं विमान लपतं, तेव्हा मान पुढेमागे करत राहा. १७२ ला पंख वर, वळायच्या आधी त्या बाजूचा पंख उचलून बघ.

टॅक्सीवे_बी
सर, आदर ठेवून सांगतो, हेच तर यंत्राच्या बाजूचं कारण आहे. एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा) आकडा आहे, दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद. दोघे १०० नॉटवर समोरासमोर असतील तर तेवढ्यात सव्वा किलोमीटरच्या वर अंतर संपतं. इतक्या लांबून सेसनाचं नाक म्हणजे ठिपका. डोळ्यावर सगळं टाकणं हा अन्याय आहे. अलास्कात केचिकनजवळ २०१९ मध्ये दोन फ्लोटप्लेन हवेत धडकली, सहा जण गेले, चांगल्या उजेडात आणि अनुभवी पायलट असून.

जुना_इन्स्ट्रक्टर
त्याच अपघातात दोन्ही विमानांत ट्रॅफिक डिस्प्ले होता, तेही लिहा ना. कुणालाच इशारा मिळाला नाही.

टॅक्सीवे_बी
इशारा मिळाला असता तर वाचले असते, असंच म्हणतोय मी!

ओझरकर
मी ओझरला एचएएलमध्ये होतो, निवृत्त झालो. १९९६ ला चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली, ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे मोठ्या विमानांना टीकॅस (टक्कर टाळणारं यंत्र) सक्तीचं झालं. ते 'चढ', 'उतर' असं सांगतं. मग यांच्या क्लबने का बसवू नये?

गोदाकाठ
काका, तो सल्ला मोठ्या विमानांच्या यंत्रात असतो. याच्या रिसीव्हरवर नुसता ठिपका आणि उंचीचा फरक येईल, कुठे वळायचं ते यालाच ठरवायचंय. आणि तुमच्याकडची सुखोई त्याच्या स्क्रीनवर दिसेलच असं काही नाही.

पक्षीमित्र_निफाड
नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूने उडत असाल तर हिवाळ्यात सांभाळा, रोहित, चक्रवाक, बदकं प्रचंड असतात. रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे. पक्ष्यांना ट्रान्सपाँडर नसतो.

कॉलेजरोड_कॅडेट
क्लास वन मेडिकलला चष्मा चालतो, घाबरू नकोस.

नाशिक_सोलो
चष्म्याचं कुणी विचारलं? क्लबला फोन केला, ३३५ आहे, म्हणजे फक्त आउट. इतके महिने मी ते रिकामं पेज बघून आकाश मोकळं समजत होतो, हे आत्ता कळलं आणि खरंच पोटात गोळा आला. त्या दिवशी मी खाली स्क्रीनकडे किती वेळा बघितलं ते आठवतंय आता. समोरच्या विमानात काय होतं तेही विचारलं, ते जुनं सेसना १५२, त्यात एडीएस-बीच नाही. म्हणजे रिसीव्हर असता तरी ते दिसलं नसतंच.

जुना_इन्स्ट्रक्टर
आता बरोबर प्रश्नाला आलास. घ्यायचाय तर घे, पण आवाजाने सांगणारा घे, हेडसेटमध्ये. टॅबलेट काचेला चिकटवू नकोस, बघायची जागाच झाकशील. 'दोन वाजता, तीन मैल' (म्हणजे नाक बाराला धरून घड्याळातल्या दोनच्या दिशेला) ऐकलं की तिकडे नजर टाकायची, सापडलं नाही तर परत स्क्रीनवर शोधत बसायचं नाही. आणि सर्किटमध्ये रेडिओवर आपली जागा स्पष्ट बोल, ते १५२ वाल्यालाही ऐकू जातं.

टॅक्सीवे_बी
आवाजाचं सरांचं शंभर टक्के पटलं. १०९० वाला आहे ना ते मित्राला बॉक्सचा फोटो पाठवायला सांग, आणि क्लबच्या सीएफआयना (मुख्य प्रशिक्षकांना) आधी विचार, विमानात असं काही लावायची परवानगी त्यांनी द्यायला हवी.

नाशिक_सोलो
मित्राला नको म्हणून कळवलं. सोमवारी परत जातोय, सरांना सांगून पहिले पाच तास ते पेज बंद ठेवूनच उडणार आहे. त्या दिवशी त्या १५२ वर कोण होतं ते लॉगमध्ये बघून त्या पोराशीही बोलतो, त्याला मी दिसलो होतो का ते विचारायचंय.