मदत हवी आहे: इजिप्तच्या विक्रमांचा तक्ता कसा मांडावा?

इजिप्तच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा तक्ता मराठीत करायला घेतलाय. विश्वचषकाचा भाग सोपा: 1934, 1990 आणि 2018 मिळून 7 सामने, विजय एकही नाही, 2 बरोबरी, 5 पराभव, गोल 5 केले, 12 खाल्ले.

खरी अडचण ऑलिंपिकची. 1928 च्या ॲमस्टरडॅममध्ये तुर्कस्तानवर 7-1, पोर्तुगालवर 2-1, मग अर्जेंटिनाकडून 0-6 आणि इटलीकडून 3-11. हे मुख्य संघाचे सामने म्हणून धरलेच पाहिजेत. पण 1964 च्या टोकियोत दक्षिण कोरियाला 10-0 हरवलं, तो धरायचा का? धरला तर सर्वांत मोठ्या विजयाची ओळ बदलू शकते, आणि इथेच याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. कुणी निकष काय लावता?

दुसरं नावाचं. 1959 चा आफ्रिकन करंडक संयुक्त अरब प्रजासत्ताक या नावाने जिंकलेला. नावावरून शोधलं की तो गळतो आणि 7 ऐवजी 6 विजेतेपदं दिसतात (1957, 1986, 1998, 2006, 2008, 2010). मी वेगळा रकाना करून 'तेव्हाचं नाव' लिहितोय. ठीक वाटतं का?

1986 आणि 2006 च्या अंतिम लढती 0-0 सुटून पेनल्टींवर जिंकल्या. त्या बरोबरीतच मोजल्या आहेत, फक्त तळटीप दिली आहे.

1920 ते 1950 च्या मैत्रीपूर्ण सामन्यांच्या तारखा जुन्या वर्तमानपत्रांतून तपासलेल्या कुणाकडे असतील तर कृपया द्या. क्लबविरुद्धचे सामने त्यात मिसळलेले नसावेत.