फ्लोरेन्स: शाकाहारी जेवण आणि चामड्याची बॅग, मदत हवी आहे

ऑक्टोबरमध्ये आईबाबांना घेऊन फ्लोरेन्सला ३ रात्री जातोय. मुक्काम सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनजवळ. दोघे पक्के शाकाहारी, अंडंही नाही, चीज चालतं. बाबांना सातला जेवण लागतं आणि तिथल्या बऱ्याच खानावळी साडेसातशिवाय उघडत नाहीत! दुपारची सोय झाली आहे: मेर्कातो चेंत्राले हा खाण्याच्या स्टॉल्सचा बाजार, नाहीतर स्कियाच्याता (तिथला चपटा पाव) घेऊन बाकावर बसायचं. (तिथल्या पावात मीठ नसतं, त्यामुळे लोणचं सोबत आहेच.) कोपेर्तो म्हणजे माणशी बसण्याचा आकार, हेही माहीत आहे.

अडलंय ते रात्रीचं. रिबोल्लीता (पाव, भाज्या, बीन्सचं दाट सूप) आणि पाप्पा अल पोमोदोरो (पाव-टोमॅटोचं सूप) कागदावर शाकाहारी दिसतात, पण एका ठिकाणी मेल करून विचारलं तर रिबोल्लीता मटणाच्या पाण्यात शिजवतो म्हणाले. दुसऱ्यांनी उत्तरच दिलं नाही. पिझ्झा-पास्ता रोज नको, भारतीय हॉटेलही नको.

दुसरं, आईला चामड्याची बॅग घ्यायची आहे, बजेट १५० युरोपर्यंत. सान लोरेन्झो बाजारातल्या गाड्यांवर घासाघीस जमेल, पण माल खरा कसा ओळखायचा? सांता क्रोचे चर्चमागच्या चामड्याच्या शाळेत (तिथे वस्तू बनवून विकतातही) या बजेटात बॅग मिळते का? ७० युरोंवरच्या खरेदीचा कर परत मिळतो, पण आमचं परतीचं विमान रोमहून आहे. म्हणजे कस्टमचा शिक्का तिथेच घ्यायचा ना? आणि बॅग चेक-इन सामानात टाकण्याआधी दाखवावी लागते का?

आईबाबांसोबत जाऊन आलेल्यांनी सांगा: स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांत, सातला उघडणारी आणि रसासाठी मांस न वापरणारी जागा कोणती?