चाळिशीनंतर व्यावसायिक बॉक्सिंगचा परवाना बंदच करावा का?

जॅबवाला

टायसन-पॉल आणि पॅकियाओ-बारिओस या दोन लढतींपासून हा वाद दहा ठिकाणी तुकड्यातुकड्यांत चालू आहे. एकदाच सगळं इथे घेऊ.

नोव्हेंबर २०२४, आर्लिंग्टन, टेक्सस. टायसन ५८ वर्षांचा, यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल २७ चा. राउंड आठच, तेही तीनऐवजी दोन मिनिटांचे. ग्लोव्हज १० औंसांऐवजी १४ औंसांचे. म्हणजे नेहमीच्या नियमांत हा माणूस टिकणार नाही हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. तरी टेक्ससच्या सरकारी खात्याने ती रीतसर व्यावसायिक लढत म्हणून मंजूर केली आणि निकाल दोघांच्या अधिकृत नोंदीत गेला. आठ राउंडांत मिळून टायसनचे लागलेले ठोसे: १८.

माझं म्हणणं सरळ आहे. ४० पूर्ण झाली की परवाना बंद, अपवाद कोणालाही नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये ही मर्यादा आहेच. मेरी कोमला तीच आडवी आली, आणि त्यामुळे काही आभाळ कोसळलं नाही.

कोपरा क्र. २

मेरीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. २०१८ ला दिल्लीत तिने सहावं विश्वविजेतेपद घेतलं तेव्हा ती पस्तिशीत होती. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३८ व्या वर्षी वॅलेन्सियाकडून ३-२ अशी हरली, आणि त्या लढतीतले शेवटचे दोन राउंड जजेसनी तिच्याच बाजूने दिले होते. ही काय संपलेली बॉक्सर झाली? तीन राउंडांच्या खेळात कॅलेंडरने तिला बाहेर काढलं.

आता व्यावसायिक घ्या. जॉर्ज फोरमन ४५ व्या वर्षी हेवीवेट विजेता झाला, ५ नोव्हेंबर १९९४ ला, मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये झोपवून. त्या लढतीला डब्ल्यूबीए, म्हणजे विजेतेपद देणारी संघटना, आधी मान्यताच देत नव्हती, कारण वय. फोरमन कोर्टात गेला तेव्हा कुठे परवानगी मिळाली. तुमचा नियम असता तर ही लढत झालीच नसती.

बर्नार्ड हॉपकिन्स: ४६ व्या वर्षी माँट्रियलमध्ये पास्कलला हरवून विजेता, ४८ व्या वर्षी क्लाउडला, ४९ व्या वर्षी शुमेनोव्हला. ही काही नशिबाची लॉटरी नव्हती. त्याची पद्धत बघा. डावा खांदा पुढे, हनुवटी त्याच्या आड. एक उजवा ठोसा, लगेच क्लिंच म्हणजे मिठी, डोकं समोरच्याच्या काखेत, रेफ्रीने सोडवलं की दोन पावलं बाजूला. समोरच्याला लय लागूच द्यायची नाही. वर्षानुवर्षं १६० पौंडांत लढला आणि लढती नसतानाही वजन त्याच्या आसपासच ठेवलं, त्यामुळे दर वेळी २५-३० पौंड सुकवायची वेळ आली नाही. असा माणूस ४० ला घरी बसवायचा?

नॉकडाउन_नाशिक

हॉपकिन्सची यादी ४९ ला का थांबवलीत? पुढचंही लिहा की. २०१४ ला कोव्हालेव्हने बाराच्या बारा राउंड घेतले. डिसेंबर २०१६ ला, ५२ व्या वाढदिवसाला महिना उरला असताना, ज्यो स्मिथने आठव्या राउंडमध्ये दोरांतून बाहेर फेकला आणि तो डोक्यावर पडला. परत चढायला २० सेकंद मिळतात, तेवढ्यात चढता आलं नाही. खेळ संपला तो असा.

आणि फोरमन दहाव्या राउंडपर्यंत जिंकत नव्हता. गुणांत दोन जजेसकडे ८३-८८, तिसऱ्याकडे ८५-८६ असा मागे होता. नऊ राउंड चेहऱ्यावर घेतले तेव्हा तो एक उजवा ठोसा बसला. एका फोरमनच्या मागे किती जण त्याच वयात फक्त मार खाऊन गेले, ती यादी कोणी ठेवत नाही.

कोपरा क्र. २

मार खाल्ला हे खरं, पण कसा खाल्ला? दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे घालून. अंगावर २५० पौंड, समोर मूरर २२२. दोन राउंडांमध्ये स्टुलावर बसायचासुद्धा नाही, उभाच राहायचा. पाय वापरावे लागतील असा खेळच त्याने ठेवला नव्हता. शिवाय १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं रिंगणाबाहेर होता. डोक्यावरचे दहा वर्षांचे ठोसे वाचले. वय ४५, पण झीज ४५ ची नाही.

रक्तदाब

वैद्यकीय बाजू थोडी नीट मांडतो, कारण दोन्हीकडून अर्धं बोललं जातंय.

रिंगणात दोन वेगळे धोके असतात. पहिला त्या रात्रीचा. मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीच्या आतल्या आवरणातल्या मोठ्या शिरांकडे जाणाऱ्या बारीक शिरा असतात. डोकं झटक्याने फिरलं की त्या ताणल्या जातात, तुटल्या की रक्त साचतं. वयानुसार मेंदू किंचित आकसतो, या शिरा आधीच ताणलेल्या राहतात. म्हणून तोच हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, २५ व्या वर्षी आणि ४५ व्या वर्षी सारखा नसतो. हा मुद्दा जॅबवालांच्या बाजूचा.

दुसरा धोका साचत जाणारा. मार्टलंड यांनी १९२८ मध्ये ‘पंच ड्रंक’ या नावाने ज्याचं वर्णन केलं तो. लास वेगासला क्लीव्हलँड क्लिनिकचा लढवय्यांच्या मेंदूवरचा अभ्यास २०११ पासून चालू आहे. त्यात लढतींची संख्या वाढते तसे मेंदूच्या आतले काही भाग, थॅलॅमस आणि कॉडेट, लहान आढळले आणि विचारांचा वेगही कमी. इथे वय दुय्यम, खाल्लेले ठोसे मुख्य. हा कोपरा क्र. २ यांच्या बाजूचा.

आणि ठोसे फक्त लढतीत खाल्ले जात नाहीत. लढतीआधी दहा आठवड्यांचा कॅम्प, आठवड्याला तीन दिवस, दिवसाला आठ राउंड स्पॅरिंग म्हणजे सरावाची लढत धरा: २४० राउंड. लढत १२ राउंडांची. नोंदवहीत दिसतात ते बारा.

बाकी ते १४ औंसांचे ग्लोव्हज मेंदू वाचवतात हा गैरसमज आहे. जाड गादीने हाताची हाडं वाचतात, भुवई कमी फाटते. डोकं फिरायचं तेवढं फिरतंच, आणि हात दुखत नाही म्हणून ठोसे उलट जास्त मारले जातात.

जॅबवाला

रक्तदाब, मग उपाय काय? दर वर्षी एमआरआय करून सोडायचं?

रक्तदाब

एमआरआयमध्ये जुना रक्तस्राव दिसेल, मेंदूच्या मधल्या पडद्यातली पोकळी दिसेल. माणूस अर्धा ठोका उशिरा हलतोय हे दिसणार नाही. स्वच्छ एमआरआय म्हणजे लढायला योग्य, हे समीकरणच चुकीचं आहे. अली-होम्सचं उदाहरण ढळढळीत आहे. १९८० च्या जुलैत मेयो क्लिनिकमध्ये अलीची तपासणी झाली. अहवालात लिहिलेलं होतं की बोट नाकाला लावताना ते नेमकं लागत नाही, आणि एका पायावर उड्या मारणं अपेक्षेइतकं चपळ नाही. तरी एकूण निष्कर्ष अनुकूल म्हणून नेवाडाने परवाना दिला. वर वजन उतरवायला थायरॉइडची गोळी, तीही ठरल्यापेक्षा जास्त. २ ऑक्टोबरला २१७ पौंडांचा, दिसायला १९७४ च्या विजेत्या दिवसांसारखा अली रिंगणात आला आणि दहा राउंडांत त्याच्याकडून काहीही झालं नाही. दिसणं आणि असणं यांत एवढं अंतर.

करायचं असेल तर पहिला परवाना देतानाच मोजून ठेवा: प्रतिक्रियेचा वेळ, तोल, स्मरण, एक ठरावीक उतारा वाचतानाचा आवाज. पुढे दर वर्षी त्याच माणसाची तुलना त्याच्याच पहिल्या आकड्यांशी. घसरण ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की परवाना नाही. मग वय २९ असो वा ४३.

बारावा राउंड

रक्तदाब यांना +१, पण यात एक पळवाट आहे. पहिल्या चाचणीत मुद्दाम हळू खेळायचं. अमेरिकन फुटबॉलवाल्यांबद्दल ही तक्रार जुनी आहे.

दोरीवरचा

तपासण्या होतील तेव्हा होतील. व्हिडिओवर घसरण आधी दिसते, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं. सगळे हातांकडे बघतात. हात शेवटी जातात, दणका तर सगळ्यात शेवटी. आधी पाय जातात.

जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारल्यावर मागचा पाय पुढे ओढला जातो का बघा. तरुणपणी पुढचा पाय आणि जॅब एकदम पडतात आणि मागचा लगेच येतो. उतरणीला मागचा पाय रेंगाळतो, दोन पायांतलं अंतर वाढतं, आणि त्याच क्षणी समोरच्याचा उजवा आला तर बाजूला व्हायला पायच नसतात. मग माणूस सरळ मागे झुकतो, हनुवटी वर. दुसरी खूण म्हणजे जॅब परत येताना गालाकडे न येता छातीकडे येतो. तिसरी, चूक दिसते पण त्यावर हात जात नाही. खांदा उचकतो, ठोसा सुटत नाही. हे दिसलं की मी त्या बॉक्सरवर पैसे लावणं बंद करा म्हणतो.

आणि ज्याचा सगळा डोलारा वेगावर उभा, तो सगळ्यात जोरात पडतो. रॉय जोन्स बघा. हात कमरेशी, हनुवटी उघडी, पावलांचं पाठ्यपुस्तक त्याने कधी उघडलंच नाही, कारण गरज नव्हती. मार्च २००३ मध्ये हेवीवेट रुइझशी लढायला १९३ पौंडांवर गेला, नोव्हेंबरात टार्व्हरसाठी परत १७५. चौतिसाव्या वर्षी ते स्नायू उतरवले आणि कसाबसा जिंकला. मे २००४ ला टार्व्हरने दुसऱ्याच राउंडमध्ये पाडलं, सप्टेंबरात ग्लेन जॉन्सनने नवव्यात. वय ३५. तुमच्या ४० च्या नियमाने जोन्सला अजून पाच वर्षं मोकळीक होती!

नॉकडाउन_नाशिक

जोन्सचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो ‘४० खूप उशिरा आहे’ याचा पुरावा झाला, ‘मर्यादा नको’ याचा नाही.

साउथपॉ_सोलापूर

वजनी गट कोणी विचारात घेतच नाहीये. सगळ्यांना एकच आकडा कसा चालेल? हेवीवेटमध्ये क्लिच्कोने ४१ व्या वर्षी वेम्ब्लीवर जोशुआला सहाव्या राउंडमध्ये पाडलं होतं, अकराव्यात मात्र क्लिच्कोच थांबवला गेला. उसिक ३८ चा असताना जुलै २०२५ ला ड्युबॉला पाचव्यात संपवलं. खालच्या गटांत खेळ पायांचा आणि संख्येचा, तिथे ३८ म्हणजे फार झालं.

नोनिटो डोनेअर हा अपवाद वाटतो, पण नीट बघा. नोव्हेंबर २०१९ ला इनोउएशी बारा राउंड, इनोउएची भुवई फोडली, डोळ्याखालचं हाड मोडलं. मे २०२१ ला ३८ व्या वर्षी ऊबालीला चौथ्यात पाडून पुन्हा विजेता. सगळे म्हणाले वयाला हरवलं. जून २०२२, पुन्हा इनोउए: दोन राउंडांत डोनेअर संपला. उतरण जिन्यासारखी नसते, एखाद्या पायरीवर जिनाच संपतो.

जॅबवाला

अहो मग हेच तर म्हणतोय! पायरी कधी संपणार ते आधी कळत नाही, म्हणून तर रेघ आधी आखायची.

कटमन

रेघ कोण पाळणार ते सांगा. इव्हँडर होलीफिल्डला नोव्हेंबर २००४ ला लॅरी डोनाल्डकडून हरल्यावर न्यूयॉर्कने थांबवलं. वय ४२. ऑगस्ट २००६ ला डलासमध्ये तो पुन्हा लढत होता. २०२१ ला ५८ व्या वर्षी बेलफोर्टबरोबरची लढत कॅलिफोर्नियाला नको होती, तर सगळा कार्यक्रमच फ्लोरिडाला हलवला, आणि होलीफिल्डला पहिल्याच राउंडमध्ये थांबवावं लागलं. अमेरिकेत परवाना देणारा राज्यागणिक वेगळा आयोग. एका दारावर कुलूप लावलं की बाकीची दारं उघडीच. तुम्ही ४० चा नियम करा, लढत जिथे नियम नाही तिथे होईल, आणि तिथली रुग्णवाहिका कशी असेल ते देव जाणे.

आणि पैशाचं काय? ज्यो लुईसला कराच्या देण्याने परत आणलं. ३७ व्या वर्षी मार्सियानोने आठव्या राउंडमध्ये दोरांतून बाहेर पाडला. त्याला कोणी ‘थांब’ म्हटलं नसेल? देणं फिटेना, काय करणार? कॅलिफोर्नियात बॉक्सरांसाठी निवृत्तिनिधी आहे, तिकिटांमागे कापलेल्या पैशातून, वयाच्या पन्नाशीनंतर मिळतो. असा निधी जागोजागी असता तर निम्मी पुनरागमनं झालीच नसती. माझ्या मते वयोमर्यादेवर जेवढं तोंड वाजतं त्याच्या दशांशही यावर वाजत नाही.

मांडवी_तीर

आपल्याकडचं पण घ्या. मार्च २०२१, पणजी, कॅसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर रिंगण. विजेंदर ३५ चा, १२ लढती, १२ विजय. समोर २६ वर्षांचा लोप्सान, सहा फूट चार इंच. पाचव्यात विजेंदर संपला. सगळ्यांनी ‘वय झालं’ लिहून टाकलं. त्याआधीची त्याची लढत नोव्हेंबर २०१९ ची होती हे कोणी लिहिलं नाही. सोळा महिने रिकामे, आणि परतीला एवढा उंच प्रतिस्पर्धी. पस्तिशीत गंज पटकन चढतो हे मान्य, पण हा गंज होता, मोडतोड नव्हती.

दोरीवरचा

गंज तिसऱ्या-चौथ्या राउंडपर्यंत उतरतो. तिथे उतरला नाही, उलट वाढत गेला. दम संपला होता.

कोपरा क्र. २

थांबवायचा अधिकार खरा कॉर्नरचा, म्हणजे बॉक्सरच्या कोपऱ्यातल्या माणसांचा. मनिला १९७५, अली-फ्रेझर: फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी चौदाव्या राउंडनंतर फ्रेझरला उठू दिलं नाही. उजवा डोळा बंद, डाव्याची नजर आधीच अधू, अलीचे उजवे ठोसे दिसतच नव्हते. फ्रेझर तेव्हा ३१ चा होता. कोणत्या वयोमर्यादेने तो वाचला असता? तीन मिनिटं उरली असताना एक म्हातारा माणूस नाही म्हणाला, म्हणून वाचला.

नॉकडाउन_नाशिक

आणि अलीच्या बाजूला डॉ. पाचेको होते. शेव्हर्सच्या लढतीनंतर, १९७७ ला, ‘बस’ म्हणाले. कोणी ऐकलं नाही, शेवटी तेच निघून गेले. अली त्यानंतर स्पिंक्स दोनदा, होम्स, बर्बिक असा चार वेळा लढला. शहाणा माणूस कोपऱ्यात असून भागत नाही, त्याच्या हातात काहीतरी हवं. पगार बॉक्सरच देतो ना त्याला?

जॅबवाला

थोडं मागे येतो. ४० ला सरसकट बंद हे राहू द्या. ४० नंतर विजेतेपदाची लढत नाही, दहापेक्षा जास्त राउंड नाहीत, आणि प्रत्येक लढतीआधी रक्तदाब म्हणतात तशी चाचणी. चालेल?

साउथपॉ_सोलापूर

मग पॅकियाओचं काय करणार? ४६ व्या वर्षी, चार वर्षांनी परतून, ३० वर्षांच्या बारिओसशी विजेतेपदाची लढत बरोबरीत सोडवली. एका जजकडे ११३-११५, दोघांकडे ११४-११४.

जॅबवाला

शेवटचे तीन राउंड तिन्ही जजेसनी बारिओसला दिले. दहा राउंडांची असती तर पॅकियाओ जिंकला असता. माझा नियम त्याच्या फायद्याचाच आहे की.

कोपरा क्र. २

विजेतेपदाची लढत नाही म्हणालात ना? मग जिंकून मिळणार काय त्याला?