पीएचसीच्या अभ्यासात गावातल्याच बायकांना संशोधक म्हणून घेतलं तर चालतं का?

रानमोगरा:
नमस्कार मंडळी. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) करतेय, विषय आहे आमच्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत (पीएचसी) काय सुधारायला हवं. गाइड सर म्हणतात प्रश्नावली तयार आहे, पोरं पाठव, दोनशे फॉर्म भरून आण, संपलं. मला वाटतंय ज्या बायका तिथं लेकरं घेऊन रांगेत बसतात त्यांनीच प्रश्न ठरवावेत, माहितीही त्यांनीच गोळा करावी. सरांच्या मते हे समाजकार्य, रिसर्च नाही. कुणी केलंय का असं?

जुना_कार्यकर्ता:
सरांना सांगा ताई, हे सरकारच्याच कार्यक्रमात झालंय. एनआरएचएममध्ये, म्हणजे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात, 2007 पासून लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुण्याची साथी संस्था राज्याचं काम बघायची, सुरुवातीचे जिल्हे अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे, ठाणे. गावातलेच लोक माहिती घ्यायचे, दवाखान्याचं प्रगतिपत्रक हिरव्या-पिवळ्या-लाल रंगात भरायचे आणि मग जनसुनवाई, अधिकारी समोर.
आमच्याकडे एका फॉर्मात होतं 'औषधे उपलब्ध आहेत का', सगळे हो म्हणायचे. एक मावशी म्हणाल्या, अहो असं काय विचारता, बाहेरून आणायची चिठ्ठी दिली का ते विचारा आणि किती पैसे गेले ते विचारा. तसं विचारलं तर लोक पिशवीतनं मेडिकलची बिलं काढून दाखवायला लागले. हा प्रश्न पुण्यात बसून कुणाला सुचला नसता.

डॉ_ओपीडी:
मी मेडिकल ऑफिसर आहे, जनसुनवाईत उभा राहिलोय म्हणून लिहितो. नियमानं सपाट भागात 30 हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात 20 हजार लोकांमागे एक पीएचसी, माझ्याकडे त्याहून बरेच जास्त, फार्मासिस्टची जागा रिकामी, औषध वरूनच येत नाही आणि शिव्या मी खायच्या. लोकांना संशोधक करायचंय ना, मग स्टॉक रजिस्टरही त्यांच्यासमोर उघडा. मागणी कधी पाठवली, आलं किती. नुसतं पीएचसीपुढे लाल रंग भरून जिल्ह्याला काय फरक पडतो?

जुना_कार्यकर्ता:
डॉक्टर, बरोबर आहे तुमचं. पण ते रजिस्टर मागितलं की साहेबांची परवानगी आणा म्हणतात, ते कसं सोडवायचं ते पण सांगा.

डॉ_ओपीडी:
रुग्ण कल्याण समितीत विषय ठेवायला लावा, इतिवृत्तात आलं की नाही म्हणता येत नाही.

वैनगंगाकाठ:
सरांना पेपरच हवा असेल तर गडचिरोलीचा दाखवा. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेत गावातल्या बायका आरोग्यदूत होत्या, बाळाचं वजन, श्वास, सगळ्या नोंदी त्याच ठेवायच्या आणि 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं की नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. कमी शिकलेल्या बायकांचा डेटा कच्चा असतो हे म्हणणं तिथंच संपतं.
पण खरं सांगायचं तर तिथं अभ्यासाचा प्रश्न डॉक्टरांनी ठरवला होता, म्हणजे तू म्हणतेयस त्याच्या अर्ध्यापर्यंतच ते जातं. दवाखाना बांधताना मात्र आदिवासींना विचारलं आणि मोठी इमारत न उभारता झोपड्यांसारखा बांधला, नावही दंतेश्वरी देवीचं. ते जास्त जवळचं उदाहरण वाटतं मला.

रानमोगरा:
भारी! कॉलेजची एथिक्स कमिटी (संशोधनाला मंजुरी देणारी समिती) विचारेल की शेजारणीनंच शेजारणीची मुलाखत घेतली तर गुपित कसं राहणार. त्याचं काय करू?

वैनगंगाकाठ:
बाळंतपण, पाळणा लांबवणं, अंगावरचं जाणं असले विषय असतील तर पलीकडच्या गावची बाई पाठव. दवाखान्याची वेळ, चिठ्ठ्या, सिस्टर मुक्कामी राहते का, याला शेजारीण चालते. आणि प्रोटोकॉलमध्ये लिही की निष्कर्ष आधी त्याच बायकांच्या बैठकीत वाचणार, मग कॉलेजात.

जुना_कार्यकर्ता:
बजेटमध्ये त्यांची दिवसाची मजुरी धरा, फक्त चहा-बिस्किटावर बोलवू नका. आणि सोयाबीन काढणीच्या आठवड्यात बैठक लावू नका, कुणी येणार नाही.