मातीवर जिंकलेला संघ मॅटवर हरला, तर तो अन्याय म्हणावा का?

प्रश्न – क्रीडाशिक्षक, आर्णी (जि. यवतमाळ)
आमच्या शाळेची मुले फक्कीने आखलेल्या मैदानावर अनवाणी कबड्डी खेळतात. तालुक्याचे सामने मातीवर झाले आणि आम्ही पहिले आलो. जिल्ह्याचे सामने मॅटवर झाले, आणि आमच्या मुलांचे पाय मॅटला प्रथम लागले ते थेट सामन्यातच. मातीत पाय थोडा सरकतो, त्या अंदाजाने वळणाऱ्या मुलाचा पाय मॅट जागीच धरून ठेवतो. पहिल्या डावात आमच्या चढाईपटूचा घोटा मुरगळला. समोरच्या संघाकडे स्वतःचे मॅट होते, बूटही होते. पंचांविषयी तक्रार नाही. तरी हा अन्याय मानावा की आमची उणीव?

उत्तर – नागभीड (जि. चंद्रपूर)
उणीवच मानावी. मैदानावर सगळे सारखे कधीच नसतात. फिनलंडचा स्कीपटू ईरो मॅन्त्यूरान्ता याने १९६४च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवली. त्याच्या रक्तात जन्मतःच प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी अधिक होत्या, म्हणजे दम टिकवण्यात तो जन्मतःच पुढे होता, हे पुढे उघड झाले. त्याची पदके कोणी परत मागितली नाहीत. लांब हातांच्या पकडपटूलाही आपण बाहेर बसवत नाही.

उत्तर – निवृत्त प्रशिक्षक, परतवाडा
ही तुलना मला पटत नाही, कारण रक्त आणि हात जन्माने मिळतात, मॅट मात्र पैशाने येते. भारताने १९७५मध्ये क्वालालंपूरला गवतावर हॉकीचा विश्वचषक जिंकला आणि १९७६मध्ये माँट्रियलच्या कृत्रिम मैदानावर सातवा क्रमांक पत्करला. कारणे इतरही असतील, पण वर्षभरात खेळाडू काही खेळ विसरले नव्हते. विकत मिळणाऱ्या फायद्याला क्रीडासंस्था वेसण घालतातही: २००९मध्ये रोमच्या जागतिक जलतरण स्पर्धेत पाण्यात वेग वाढवणारे पॉलियुरेथेनचे पोशाख घालून पोहणाऱ्यांमुळे ४३ विश्वविक्रम झाल्यावर २०१०पासून ते पोशाख बंद झाले. मॅट बंद करा, असे मी म्हणणार नाही. आमच्याकडच्या खड्यांनी गुडघे किती सोलतात, ते मी पाहिले आहे. मात्र ज्या पृष्ठभागावर जिल्ह्याचा निकाल लागणार, त्यावरच तालुक्याचे सामने व्हावेत. ते जमत नसेल, तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक संघाला त्याच मॅटवर अर्धा तास सराव मिळावा.

प्रश्नकर्ता
आदल्या संध्याकाळच्या सरावासाठी पुढील हंगामाआधी अर्ज देतो. बुटांचे काय करावे? वर्गणीतून सातच जोड येतील, आणि राखीव धरून मुले बारा आहेत.