रुग्णांकडून होणाऱ्या संसर्गाची भीती : परिचारिकांचे अनुभव

रुग्णाचा आजार आपल्यालाही जडेल, ही भीती परिचारिका सहसा बोलून दाखवत नाहीत; वॉर्डात बोलावे तर रुग्ण दुखावतो आणि घरी बोलावे तर नोकरी सोडण्याचा आग्रह सुरू होतो. सिस्टर आणि ब्रदर, दोघांनीही येथे मोकळेपणाने लिहावे. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील कृपया टाळावा.

शस्त्रक्रिया विभाग, पुणे

ड्रेसिंगचा ट्रे आवरताना गॉजखाली कोणीतरी तशीच ठेवलेली सुई माझ्या तर्जनीत घुसली आणि हातमोज्याच्या आत रक्त पसरताना दिसले. बोट न पिळता साबण व वाहत्या पाण्याने धुवावे, हे मी विद्यार्थिनींना शिकवते. रुग्ण एचआयव्हीबाधित होता. अशा टोचण्यातून लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते आणि ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, औषधे सुरू केल्यास ती आणखी घटते, हे सारे मला पाठ होते. परंतु २८ दिवसांच्या त्या गोळ्यांनी मळमळत असताना 'हजारात तीन' हा आकडा धीर देत नाही. त्या तिघांत आपणच असू, असे वाटत राहते. यजमानांना सांगितले, सासूबाईंना नाही. पुढच्या सर्व तपासण्या निगेटिव्ह आल्या.

मेडिसिन वॉर्ड, मुंबई

सुई टोचली हे निदान कळते तरी. क्षयाचे तसे नाही. थुंकीचा अहवाल यायचा असलेला रुग्ण दोन खाटांमधल्या गादीवर खोकत असतो आणि त्याला सलाईन लावायला वाकलेली सिस्टर साधा मास्क लावून असते. औषधांना दाद न देणारा क्षय निघाला की त्याला वेगळे हलवतात आणि मग आम्हाला एन-९५ मिळतो. माझ्या मते तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते. औषधे नीट लागू पडलेल्या रुग्णाची मला मुळीच भीती वाटत नाही. तरीही मुलगी तान्ही असताना मी गणवेश रुग्णालयातच बदलत असे, कपड्यांतून क्षय पसरत नाही हे ठाऊक असूनही.

अतिदक्षता विभाग, नवी मुंबई

मे २०१८ मध्ये केरळात निपाह विषाणूच्या रुग्णाची शुश्रूषा केलेल्या परिचारिका लिनी पुथुसेरी त्याच आजाराने वारल्या, तेव्हा आमच्या मल्याळी सहकारी ड्युटीवर आल्या, पण चहाच्या वेळी कोणी बोलेना.

ग्रामीण रुग्णालय, विदर्भ

मी कंत्राटी आहे. सुई टोचल्याची नोंद करायला गेले तर "जरा बघून काम करत जा" असे ऐकावे लागते, म्हणून पुष्कळ जणी नोंदच करत नाहीत, आणि नोंद नसली की पुढे काही झाल्यास ते ड्युटीवर झाले हे सिद्ध करता येत नाही. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बी होण्याचा धोका एचआयव्हीपेक्षा कितीतरी अधिक, तरी त्याची भीती कोणालाच नसते! नव्या मुली रुजू झाल्या की शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तिन्ही डोस मी त्यांच्या मागे लागून पूर्ण करून घेते आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी लस लागू पडली का हे दाखवणारी अँटीबॉडीची तपासणीही करायला लावते. आकडा दहाच्या खाली आला तर पुन्हा लस.