पोटनिवडणुकीचा गुलाल आणि कन्व्हेयन्सची फाईल

ए-402: काल रात्री पार्किंगमध्ये गुलाल उधळला कुणी? माझी पांढरी गाडी बघा येऊन. कमिटीच्या एका जागेची पोटनिवडणूक आणि थाट आमदारकीचा!

सी-203: काका, आमच्या विंगची पोरं होती. सी-401 च्या साहेबांनीच खाली येऊन थांबवलं त्यांना. गाडी धुवून देतो.

ए-402: गाडीचं राहू दे. माजी आमदाराला सोसायटीच्या कमिटीत जागा कशाला पाहिजे? 2022 ला कोल्हापूर उत्तरची पोटनिवडणूक झाली तेव्हा भोंग्यांनी कान किटले होते. इथं तरी राजकारण नको.

बी-304: भोंगा कुठं वाजला ओ? पत्रक नाही, पार्टी नाही, एका दाराची बेल वाजवली नाही त्यांनी. अर्ज भरला आणि गप बसले. मिसळ समोरच्यांनी घातली.

ए-204: मिसळ नादखुळा होती पण. कट जरा कमी पडला 😄

बी-501: लिफ्ट कालपासून बंद आहे.

बी-304: कट तिकडं, मत इकडं 😂

सी-102: मिसळ मतासाठी नव्हती. ह्यांचा वाढदिवस होता. ज्यांनी दोनदा वाढून घेतली त्यांनी तरी असं लिहू नये.

ए-204: वहिनी, चेष्टा केली. मनावर घेऊ नका.

ए-402: विषय भरकटवू नका. ए-101 चे काका पुण्याला लेकाकडं गेले, जागा रिकामी झाली. कमिटीनं कुणालातरी नेमायचं होतं. मतदानाचा घाट कशाला?

सचिव: नमस्कार. कमिटीची मुदत 5 वर्षं. निम्म्याहून कमी मुदत राहिली असेल तरच रिकामी जागा नेमणुकीनं भरता येते. आपल्या कमिटीला दीडच वर्ष झालंय. हे नोटिशीत लिहिलं होतं. नोटीस लिफ्टशेजारी लावली होती.

बी-501: तीच लिफ्ट बंद आहे. आई डायलिसिसला जाते, पाच मजले उतरवून नेली.

सी-301: अरे देवा. मेकॅनिकला फोन केला का कुणी?

सचिव: केलाय. दुपारी येतोय.

सी-301: ए-402 भाऊजी, एक लिहिते. ऑगस्ट 2019 ला पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी कधीच मागं टाकली होती. लाईट नाही, नळाला पाणी नाही. दार वाजलं, बघते तर साहेब प्यायच्या पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन उभे. तेव्हा आमदारकी संपली होती, फोटो काढायलाही कुणी नव्हतं. मी मत दिलं ते हे बघून.

ए-402: कॅन मलाही दिला होता. विसरलो नाही. पण उपकाराची परतफेड मतानं करायची नसते.

बी-304: उपकार जाऊ दे, कामाचं बोलू. संस्था नोंदल्यापासून 4 महिन्यांत बिल्डरनं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर, करून द्यायचं असतं. आपल्याला किती वर्षं झाली? जमीन अजून त्याच्याच नावावर. उद्या रिडेव्हलपमेंटला गेलो तर सही कुणाची लागणार? डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डर देत नसला तरी जमीन नावावर करून घ्यायचा, अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडं करायचा, एवढंच आपण दर सभेत बोलतो आणि चहा पिऊन उठतो. कायदा वाचलेला माणूस कमिटीत नको?

ए-402: ओळखी वापरून काम होणार असेल तर माझा विरोध राहील.

सी-401: नमस्कार. गुलालाबद्दल मी दिलगीर आहे. पोरांना पुन्हा सांगितलंय. ओळख लागत नाही, कागद लागतात. सगळ्यांच्या खरेदीखतांच्या नोंदणीकृत प्रती, इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, मंजूर नकाशा आणि बिल्डरला दिलेल्या नोटिशीची पोच. ज्यांची खरेदीखतं बँकेत तारण आहेत त्यांनी तिथून प्रत मागून ठेवावी. ए-402, तुम्ही महसुलात नोकरी केलीय. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड तुम्ही तपासलं तर बरं होईल.

सी-203: 🙏🙏

सचिव: रविवारी सकाळी दहाला ऑफिसमध्ये फाईल उघडू.

ए-402: येतो. पण इतिवृत्त त्याच दिवशी ग्रुपवर पडलं पाहिजे.

सी-401: पडेल. तुम्हीच लिहा.